नैरोबीच्या तंबूत भेटलेल्या लालबागच्या दादांना

दादा, नमस्कार.

तुमचं नाव मला माहीत नाही, त्या गडबडीत आम्ही सगळेच तुम्हाला दादा म्हणत होतो तर आता तेच चालवते. ऑगस्ट २०१३, मुंबईहून नैरोबीला गेलेलं विमान, जोमो केन्याटा एअरपोर्ट आणि बाहेर उभारलेले तंबू. मी आणि माझी आई, ताईच्या बाळंतपणाला निघालेलो. आई म्हणजे सुती साडीतल्या, हातातली डब्याची पिशवी कोणालाही न देणाऱ्या बाई. आता तरी आठवलं असेल.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. ७ ऑगस्टला पहाटे पाचच्या सुमारास तिथे इंटरनॅशनल अरायव्हल्समध्ये इमिग्रेशनच्या बाजूला आग लागली आणि अख्खा अरायव्हल्सचा हॉल गेला. पूर्व आफ्रिकेतलं एवढं मोठं एअरपोर्ट, एकदम बंद. हवेतली विमानं मोंबासाला वगैरे वळवली. जीव कोणाचा गेला नाही हे नशीबच म्हणायचं. त्यात तारीख अशी की १९९८ साली ह्याच ७ ऑगस्टला नैरोबीतल्या अमेरिकन वकिलातीवर बॉम्बहल्ला झालेला, त्यामुळे आमच्या सोसायटीतल्या काकांनी टीव्हीवरचा धूर बघूनच घातपात जाहीर करून टाकला. तसं काही नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून इंटरनॅशनल विमानं हळूहळू सुरू पण झाली. तरी सगळे म्हणत होते आत्ता जाऊ नका, आणि आई म्हणाली, एअरपोर्ट जळलं म्हणून बाळ थांबणारे का? विषय संपला.

तर आम्ही उतरलो. आधी थंडी. इथे मुंबईत धो धो पाऊस आणि घामाच्या धारा, तिथे पाच हजार फुटांच्या वर आणि ऑगस्ट म्हणजे त्यांचा गार महिना, आणि आईची शाल चेक-इन बॅगेत. मग तो वास, जळलेलं आणि वर पाणी मारलेलं, लाकूड प्लास्टिक सगळं एकत्र, घशात बसतो तसा. आणि समोर पांढरे तंबू, माणसंच माणसं, कुठली रांग कशाची काही पत्ता नाही. अनाउन्समेंट होत नव्हती असं नाही, पण त्या भोंग्यातून काय बाहेर पडतंय ते देवाला माहीत. माझ्या पुढे एक गुजराती आजी रडकुंडीला आलेल्या, मागे एक माणूस कोणावर तरी ओरडत होता आणि ज्याच्यावर ओरडत होता तो सफाईवाला होता बिचारा.

तेवढ्यात मागून आवाज आला, "माऊली, सरका पुढं, जागा आहे." नैरोबीत! आई गर्रकन वळली.

तुम्ही काय केलंत ते तुम्हाला कदाचित फार वाटणारही नाही. तुम्ही ओळीतून बाहेर पडलात, सरळ पुढे जाऊन सगळं बघून आलात आणि परत येऊन एकेकाला सांगत सुटलात. पुढे तीन टेबलं आहेत. पहिल्यावर फॉर्म बघतात, दुसऱ्यावर व्हिसाचे पन्नास डॉलर, तिसऱ्यावर शिक्का. कॉम्प्युटर नाहीत, हाताने लिहितायत, म्हणून वेळ लागतोय, कोणी मुद्दाम करत नाहीये. नोटा नव्या काढून ठेवा, जुन्या छपाईच्या घेत नाहीत. यलो फीव्हरच्या लसीचं पिवळं कार्ड पासपोर्टातच ठेवा, हरवू नका, परत जाताना मुंबईत सहार एअरपोर्टला तेच मागतात आणि नसेल तर क्वारंटाइनमध्ये बसवतात. हे सगळं आधी मराठीत, मग हिंदीत, मग त्या आजींना गुजरातीत आणि मध्येच एका ऑफिसरशी स्वाहिलीत. तुमचं पेन तर अर्धी रांग फिरून आलं.

आणि खरं सांगते, रांग एक इंचही फास्ट झाली नाही पण ओरडणं थांबलं. तो मागचा माणूस, सफाईवाल्यावर तापलेला, तोच नंतर नवीन आलेल्यांना सांगत होता, तीन टेबलं आहेत, नोटा काढून ठेवा.

मी विचारलं, तुम्ही एअरपोर्टवर कामाला का, तर तुम्ही हसलात. म्हणालात, छे हो, मी इंडस्ट्रियल एरियात मशीनवर आहे, पण लालबागमध्ये वाढलोय, पोरगा होतो तेव्हापासून गणपतीत मंडळाची रांग सांभाळली आहे. रांगेतला माणूस उभं राहायला कुरकुरत नाही, पुढं काय चाललंय ते कळलं नाही की भडकतो. आणि तंबूकडे हात करून म्हणालात, हा पण मांडवच आहे, फक्त मूर्ती नाही.

हे वाक्य मी नंतर किती जणांना ऐकवलंय. बँकेत, हॉस्पिटलात, लोकल बंद पडली की स्टेशनवर, तेच असतं सगळं. कोणीतरी येऊन नुसतं सांगायचं असतं की बाबांनो असं असं झालंय, अजून तासभर लागेल. पण ते सांगायला पगारी माणूस येतच नाही, तुमच्यासारखा कोणीतरी ओळीतूनच निघतो.

ऑफिसरांबद्दलही बोलायला हवं. तिसऱ्या टेबलावरच्या त्या बाई, अंगात जाड जॅकेट, समोर मोठं रजिस्टर, वाऱ्याने पानं उडू नयेत म्हणून एका कोपऱ्यावर पंचिंग मशीन आणि दुसऱ्यावर पाण्याची बाटली. किती वेळ लिहीत होत्या कोण जाणे, मधूनमधून हात झटकायच्या. तरी आईकडे बघून हसून कारिबू, म्हणजे या, स्वागत आहे, असं म्हणाल्या. ऑफिस जळून गेलेलं असताना उघड्यावर बसून काम करणाऱ्या माणसाकडून एवढी मायेची अपेक्षा मी तरी ठेवली नव्हती.

आणि मग कस्टम्स. डबा. आईने डिंकाचे लाडू आणि अळीव मिळून केवढं वजन नेलेलं ते मी इथे लिहीत नाही. त्या ऑफिसरने झाकण उघडलं, एक लाडू उचलला, वास घेतला, परत ठेवला, आणि आई मराठीतून त्याला समजावतेय की बाबा साजूक तुपातले आहेत. तुमची बॅग मिळाली होती, तुम्ही दाराशी पोचला होतात, तिथून परत आलात. "दावा या मामा", म्हणजे आईचं औषध, असं काहीतरी म्हणालात आणि पोटावर हात फिरवून दाखवलात. तो ऑफिसर एवढा हसला की शेजारच्याला पण बोलावून डबा दाखवला. झाकण लागलं, आम्ही बाहेर.

ताईला चार दिवसांतच मुलगा झाला. लाडू तिने खाल्ले, भाओजींनी जास्त खाल्ले. नंतर मी परत गेले तेव्हा अरायव्हल्स पार्किंगच्या नव्या इमारतीत तळमजल्यावर हलवलं होतं, पाट्या होत्या, कॉम्प्युटर होते, सगळं व्यवस्थित. इकडे सहारलाही नवं टर्मिनल, टी-टू, २०१४ च्या फेब्रुवारीत सुरू झालं. त्या चकचकीत काउंटरवर कोणी कोणाला माऊली म्हणत नाही, तेवढं सोडलं तर तक्रार नाही.

तुम्ही गर्दीत निघून गेलात, धड थँक्यू म्हणायलाही मिळालं नाही, म्हणून हे पत्र. कोणाच्या ओळखीत असे गृहस्थ असतील, घर लालबागला चिवडा गल्लीजवळ, तेव्हा नोकरी नैरोबीला, मिशी आहे, आवाज खणखणीत, तर त्यांच्यापर्यंत हे पोचवा. आणि रांगेत त्यांनी आईला सांगितलं होतं की मिसेसच्या गुडघ्याचं ऑपरेशन करायचंय पण ती घाबरते. ते झालं का, असं आई अजून विचारते. तिचं स्वतःचं झालंय, दोन्ही गुडघे, काही त्रास नाही म्हणावं.