ओआरएस हा शब्द गावाला आम्ही शिकवला, तो विकू कोणी दिला?

माननीय मंत्री,
अन्न व औषध प्रशासन, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई

महोदय,

सादर नमस्कार.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात 14 वर्षांपासून आशा स्वयंसेविका आहे. लेकराला जुलाब लागले की ओआरएस, म्हणजे क्षार आणि थोडी साखर मोजून घातलेले पाणी, पाजा, हे मी घरोघरी इतक्या वेळा सांगितले आहे की ज्या बायांना अक्षरओळख नाही, त्यांच्याही तोंडी हा शब्द बसला आहे. गेल्या चैत्रात तोच शब्द माझ्या घरच्या लेकराच्या जिवावर उठला, म्हणून हे पत्र.

त्या दिवशी मी तालुक्याला बैठकीला गेले होते. धाकट्या जावेच्या 2 वर्षांच्या मुलीला सकाळपासून पाण्यासारखे जुलाब होत होते. माझ्याकडची सरकारी पाकिटे संपली होती आणि मागणी नोंदवून 3 आठवडे उलटले होते, म्हणून जावेने किराणा दुकानातून सफरचंदाचे चित्र असलेले 200 मिलिलिटरचे 3 डबे आणले. त्यावर ओआरएस ही अक्षरे लांबून दिसतील एवढी ठळक होती आणि दुकानदारानेही ‘हेच ते जी’ म्हणून हाती दिले. दुपारपर्यंत तिन्ही डबे पोरीला पाजून झाले आणि जुलाब थांबण्याऐवजी वाढले. मी परतले तेव्हा तिचे डोळे खोल गेले होते, रडताना डोळ्यांत पाणी येत नव्हते, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर सावकाश खाली बसत होती. रुग्णालयात सलाईन लावायला शीर सापडेना. जाऊ मला एवढेच म्हणत होती, ‘‘बाई, तुम्हीच तर सांगितलं होतं ओआरएस द्या म्हणून.’’ तिला काय सांगावे हे मला तेव्हा सुचले नाही आणि आजही सुचत नाही. पोर वाचली, पण ती रात्र मी विसरू शकत नाही.

घरी आल्यावर रिकाम्या डब्यांची मागची बाजू भिंग लावून वाचली. 100 मिलिलिटरला 11 ग्रॅम साखर, म्हणजे 3 डब्यांत 66 ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेच्या ओआरएसमध्ये लिटरभर पाण्याला 13.5 ग्रॅम ग्लुकोज असते, म्हणजे तेवढ्याच पाण्यात जेमतेम 8 ग्रॅम. जास्तीची साखर आतड्यात पाणी ओढून घेते आणि जुलाब वाढवते, हे आम्हाला प्रशिक्षणात शिकवले आहे. त्याच मागच्या बाजूला, मुंगीच्या पायाएवढ्या इंग्रजी अक्षरांत लिहिले होते की हे शिफारस केलेले ओआरएस नव्हे. पुढे मोठ्याने हो म्हणायचे आणि मागे हळूच नाही म्हणायचे, ही सूट जुलै 2022 मध्ये देशाच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणानेच दिली होती. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष 8 वर्षे एकट्या भांडल्या, तेव्हा कुठे 14 ऑक्टोबर 2025 रोजी ती सूट काढून घेण्यात आली. आमच्या दुकानात तो डबा विकला गेला तेव्हा त्या आदेशाला 6 महिने होत आले होते.

मी तक्रार केली. ‘‘7 दिवसांत दुकान तपासून माल उचलू’’ असे मला फोनवर सांगण्यात आले. आज 40 दिवस झाले, कोणीही फिरकले नाही. पुन्हा फोन केला तर पक्के बिल मागितले. खेड्यातल्या किराणा दुकानात 3 डब्यांचे पक्के बिल कोण देतो, महोदय? भर उन्हात जुलाब लागलेले लेकरू कडेवर घेऊन उभ्या असलेल्या आईने आधी बिल मागायचे होते का?

आणखी एक गोष्ट मला समजत नाही. दुकानाची पाटी मराठीतच हवी म्हणून 2022 मध्ये राज्याने कायदा दुरुस्त केला आणि अगदी लहान दुकानांनाही तो लागू केला. पाटीखालच्या फळीवर जे खायचे-प्यायचे ठेवले आहे, त्यावर मात्र मराठीचा एक शब्द सक्तीचा नाही. केंद्राच्या 2020 च्या लेबल नियमांप्रमाणे इंग्रजी किंवा हिंदी पुरेशी आहे. माझ्या सासूबाईंना वाचता येत नाही, पण शाकाहारीचा हिरवा ठिपका त्या बरोबर ओळखतात. साखर, मीठ, चरबी जास्त असल्याची अशीच ठळक खूण पुड्याच्या पुढच्या बाजूला का नको? 2022 मध्ये पुड्यावर तारे छापून पदार्थ किती पौष्टिक ते दाखवायच्या नियमाचा मसुदा निघाला, त्यावर 14 हजारांहून अधिक हरकती-सूचना आल्या, एप्रिल 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 3 महिन्यांची मुदत घातली, मग तीही वाढली. तेवढ्या काळात आमच्या गावातली किती लेकरे रांगायची चालायला लागली!

छापील कागदात खाद्यपदार्थ बांधायला 2018 च्या नियमांनी बंदी आहे, आणि आमच्या बसथांब्यावरचा गरम आलुबोंडा आजही वर्तमानपत्रावरच मिळतो; तेलाने ओली झालेली शाई बोटांना लागते. कारण त्या विक्रेत्याला ना कोणी नियम सांगितला, ना स्वस्त कोरा कागद दिला. दिल्लीत नियम होतो, मुंबईत त्याचे परिपत्रक निघते आणि जिल्ह्याच्या ठिकाणी ते फायलीत बसते. गावापर्यंत येतो तो फक्त माल, आणि मालाने बिघडलेले लेकरू उचलून न्यायला आम्ही असतोच.

माझे मागणे मोठे नाही. खेड्यांतल्या दुकानांतून हे डबे उचला, तपासणीला आमच्यासारख्या आशांना सोबत घ्या, लेबलवर मराठी सक्तीची करण्यासाठी केंद्राकडे लेखी आग्रह धरा आणि पावसाळ्याआधी खऱ्या ओआरएसची पाकिटे आमच्या पिशवीत पोहोचतील हे आरोग्यमंत्र्यांशी बोलून बघा. तिन्ही रिकामे डबे मी धुऊन, फडक्यात बांधून जपून ठेवले आहेत. कोणाला पुरावा हवा असेल त्याने यावे. दुकानात अजून एक भरलेला खोका आहे, तो मी काल सायंकाळी पाहिला.

आपली,
एक आशा स्वयंसेविका,
जिल्हा यवतमाळ