अण्णा, गाडी घाट चढली

अण्णा, नमस्कार करतो.

समोर बसून आभार मानायला लागलो की तुम्ही "चल चल, चहा सांग" म्हणून विषय बदलता, म्हणून सगळ्यांसमोर लिहितोय. मोबाईल तुम्ही फक्त घरी तेलुगूत भांडायला वापरता हे माहितीये, त्यामुळं नातवाला सांगून ठेवलंय, तो वाचून दाखवेल. जरा लांबलंय, दुपारी गिऱ्हाईक नसताना ऐका.

बाकीच्यांसाठी सांगतो, अण्णा म्हणजे आमच्या सोलापुरातले वायरिंगवाले मिस्त्री, माझी गाडी त्यांनी बरी केली. आधी गाडीची कुंडली. 2005 ची आहे, पेट्रोल, 1781 सीसी, चार सिलेंडरला वीस व्हॉल्व्ह, टर्बो (इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा), दीडशे हॉर्सपॉवर. ओळखणाऱ्यांनी एवढ्यावर ओळखलीच असेल, बाकीच्यांना नाव सांगून उपयोग नाही. त्या वेळी आपल्याकडं टर्बो म्हटलं की डिझेल, पेट्रोलला टर्बो असलेली गाडी एखाद्याकडंच दिसायची. मी 2014 ला पुण्यातनं सेकंडहँड आणली तेव्हा वडील म्हणाले होते, एवढ्या पैशात दोन माग आले असते. आमचा टॉवेलचा धंदा, अक्कलकोट रोड एमआयडीसीत छोटी शेड, त्यामुळं घरात कुठलाही खर्च मागातच मोजतात.

तर ही गाडी गेल्या उन्हाळ्यात झटके मारायला लागली. आयडलला, म्हणजे उभ्या गाडीत नुसतं इंजिन चालू असताना, एकदम शांत, सकाळी थंड असताना पण चांगली, शहरात सात रस्ता ते पार्क चौक फिरवा काही तक्रार नाही, पण हायवेला तिसऱ्या-चौथ्या गिअरला पाय दाबला आणि टर्बोनं हवा धरली की अडीच-तीन हजार आरपीएमला कुणीतरी मागनं दोरी बांधून ओढल्यासारखी थांबायची, मग एक झटका, मग परत पळायची, परत थांबायची. पाय उचलला की पुन्हा शहाणी. मे महिन्यात आईला तुळजापूरला घेऊन निघालो, एसी चालू, गाडीत पाच माणसं, तामलवाडी गेली तोवर कसंबसं चाललं आणि पुढं घाटात तिनं अब्रू काढली. मागं ट्रकची लाईन, हॉर्नवर हॉर्न, आई मागं बसून देवीचं नाव घेतेय आणि मी दुसऱ्या गिअरमध्ये बैलगाडीच्या स्पीडनं चढतोय. वर पोचल्यावर आई म्हणाली, देवीनं आणलं, गाडीनं नाही.

त्यानंतर मी दोन गॅरेज केले. नावं घेणार नाही, माणसं वाईट नव्हती, पण पद्धत अशी की स्कॅनर लावायचा, गाडीच्या कॉम्प्युटरमधला बिघाडाचा कोड वाचायचा आणि कोडमध्ये जे नाव येईल त्याच्या आसपासचं काहीतरी बदलायचं. पहिल्यांदा ठिणगीच्या चारही कॉइल आणि स्पार्क प्लग. पुढचे आठ दिवस मला वाटलं फरक पडलाय, खरं म्हणजे पैसे गेले की फरक वाटतोच. मग हवा मोजणारा सेन्सर, एअर फ्लो मीटर. मग फ्युएल फिल्टर, तो बदलायलाच पाहिजे होता त्यामुळं त्याचं दुःख नाही. एकतीस हजार झाले. शेवटी दुसऱ्या गॅरेजवाल्यानं सांगितलं की टर्बो गेलाय, सत्तर हजार धरून चला. मी टाकीतनं पेट्रोल पुढं ढकलणाऱ्या पंपाचं विचारलं होतं बरं का, तर त्यानं मागची सीट उचलून पंपाच्या वायरींचा प्लग काढला, टेस्टर लावला, बल्ब लागला, "करंट येतोय, पंप ओके" म्हणून सीट खाली. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढं कामाला येईल.

आणि तुमच्याकडं आलो होतो कशासाठी, तर हॉर्नसाठी! घाटात बडवून बडवून हॉर्न गेला होता. तुमच्या पत्र्याच्या पाटीवर "सेल्फ, डायनामो, वायरिंग" एवढंच लिहिलेलं, मी इंजिनचा विषय काढायचा प्रश्नच नव्हता. तुम्ही खाली बसून हॉर्नचं कनेक्शन बघत बघत विचारलं, "मालक, येताना गाडी झटका मारली की ओ, काय झालालंय तिला?" मी म्हटलं टर्बो गेलाय. तुम्ही वर न बघता म्हणालात, "कोण बघितलंय त्याला जाताना?"

मग तुम्ही जे प्रश्न विचारले ते मला अजून पाठ आहेत. तापल्यावर मारती का थंड असताना? चढाला का सपाटीला? टाकी भरलेली असताना का कमी असताना? आणि शेवटचा, जो तोपर्यंत मला कुणी विचारला नव्हता, रात्री लाईट आणि एसी दोन्ही लावून चालवली तर जास्त मारती का? मी जरा आठवलं आणि हो म्हटलं, बार्शीहून रात्री येताना सगळ्यात जास्त त्रास झाला होता. तुम्ही हातातला पाना खाली ठेवला. मला वाटलं चहा मागवताय, तुम्ही शेजारच्या गॅरेजमधल्या पोराला स्कॅनर घेऊन बोलावलं.

तो कोड मला पण माहीत होता, मिश्रण पातळ आहे म्हणजे हवेच्या मानानं पेट्रोल कमी पडतंय. पण तुम्ही कोड बघितलाच नाही, फ्युएल ट्रिमचा आकडा लावायला सांगितला, कॉम्प्युटर स्वतःहून किती टक्के पेट्रोल वाढवतोय तो आकडा. उभ्या गाडीला अधिक तीन. होटगी रोडला नेऊन पाय दाबला तर अधिक बावीस. आणि मग तुम्ही जे समजावलं ते मी इथं जसंच्या तसं लिहितो कारण बऱ्याच जणांचे पैसे वाचतील. कुठं पाईप फाटून इंजिन चोरून हवा घेत असेल तर आयडलला आकडा वाढलेला दिसतो आणि रेस केल्यावर कमी होतो, कारण चोरीची हवा तेवढीच राहते आणि खरी हवा वाढते. इथं उलटं झालालंय, लोड पडला की आकडा वाढतोय, म्हणजे पेट्रोल मागंल तेवढं पोचत नाही. एअर फ्लो मीटर कमी मोजत असला तरी असंच दिसतं, पण तो तर नवीन होता आणि त्याचा आकडा गाडीच्या ताकदीला धरून होता. टर्बोचा दाब पण बरोबर येत होता. टर्बो मेला असता तर हवाच कमी आली असती, मग पेट्रोल कमी का पडलं असतं? हे इतकं साधं आहे की मला लाज वाटली.

खरं सांगतो, तुमचा पहिला अंदाज पण चुकला होता. तुम्ही म्हणालात पंपाचा रिले, म्हणजे पंपाला करंट चालू-बंद करणारा स्विच, आत सोल्डरचा टाका सुटतो जुना झाल्यावर. दुसरा रिले लावून बघितला, काही फरक नाही. तुम्ही लगेच "माझं चुकलं, हे नाय" म्हणून जुना रिले परत बसवला आणि नवीन डब्यात ठेवला. अण्णा, त्या एका गोष्टीवर माझा तुमच्यावर विश्वास बसला. आधीच्या दोघांपैकी कुणी बसवलेला पार्ट परत काढला नव्हता.

मग सीट उचलायची वेळ आली. झाकण उघडल्यावर पेट्रोलचा वास आला तसं तुम्ही आधी कोपऱ्यावर बिडी ओढत बसलेल्या म्हाताऱ्याला उठवून रस्त्याच्या पलीकडं घालवलं आणि वाळूची बादली जवळ ओढली. प्लग काढलाच नाही. मी म्हटलं प्लग काढून बघा की. तुम्ही म्हणालात, "काढून बघितलं की सगळं बरोबरच दिसतंय. काम करताना बघायचं असतंय." इंजिन चालू, प्लग जागेवर, मागनं बारीक पिना खुपसून मीटर लावला. बॅटरीवर 13.9. पंपावर 10.8.

मी खरंच त्या आकड्याकडं बघत उभा राहिलो. तीन व्होल्ट वाटेत कुठं गेले? तुम्ही प्लसची वायर मोजली, वाटेत 0.4 जातंय, वीस वर्षांच्या गाडीला ठीकच. मग मीटरची एक पिन पंपाच्या अर्थला (गाडीच्या बॉडीला जोडलेली मायनसची वायर), दुसरी लांब वायर लावून बॅटरीच्या मायनसला. तिथं जवळजवळ शून्य यायला पाहिजे. 2.7 आलं. अर्थ! बॉडीला जिथं तो बोल्ट लावलाय तिथं गंज धरून हिरवं-पांढरं झालेलं, आणि त्याच बोल्टावर मागच्या लाईटचा पण अर्थ, म्हणून रात्री जास्त त्रास. टेस्टरचा बल्ब लागायला एवढासा करंट पुरतो, वायरची एक तार जरी शिल्लक असली तरी तो लागतो, पण पंपाला सहा-सात अँपिअर पाहिजेत, तेवढे त्या गंजातनं जाणार कसे.

आता माझी खरी गंमत. आमच्या शेडमध्ये उन्हाळ्यात लो व्होल्टेज आलं की मागाच्या मोटरी गुं गुं करतात, तापतात, जोर कमी पडतो, आणि आम्ही पहिल्यांदा काय बघतो तर भिंतीवरचा व्होल्टमीटर. वडिलांनी मला लहानपणी शिकवलेली पहिली गोष्ट ती. मोटर जळाली असं म्हणायच्या आधी तिला व्होल्टेज मिळतंय का बघ, आणि ते माग चालू असताना बघ, बंद असताना नाही. आणि मी, तोच माणूस, गाडीतल्या साध्या डीसी मोटरच्या पंपासाठी सत्तर हजाराचा टर्बो घालायला निघालो होतो. हे मी वडिलांना अजून सांगितलेलं नाही.

तुम्ही तरी थांबला नाहीत. बॅटरीपासून फ्यूज टाकून एक टेंपररी वायर पंपाला आणि एक जाड मायनस, आणि म्हणालात जा, बोरामणीपर्यंत चालवून ये, आधी खात्री, मग काम. गाडी पळाली अण्णा. जवळजवळ पूर्ण बरी. मग तुम्ही तो बोल्ट घासून पांढरा केला, वायरच्या टोकाला नवीन लग (बोल्टात अडकणारी कडी) दाबून सोल्डरचा टाका मारला, वर ग्रीस लावलं, प्लगच्या काळ्या पडलेल्या पिना बदलल्या. पंपावर 13.5.

"जवळजवळ" हा शब्द मी वापरला आणि तुम्ही तो पकडला. मला वाटलं होतं आता चालेल, तुम्हाला नाही वाटलं. शेजारच्या मिस्त्रीकडनं प्रेशर गेज आणलं. आयडलला अडीच बार, पेट्रोलचा दाब सांभाळणाऱ्या रेग्युलेटरची बारीक हवेची नळी काढली की तीन, म्हणजे पुस्तकाप्रमाणं. पण त्या नळीला सायकलचा पंप लावून हळूच दाब दिला तर काटा तीनवरनं हललाच नाही. टर्बो जेवढा दाब देतो तेवढंच पेट्रोलचं प्रेशर वर सरकायला पाहिजे, अर्धा-पाऊण बार, नाहीतर पेट्रोल फवारणाऱ्या इंजेक्टरच्या तोंडाशी हवाच पेट्रोलला मागं ढकलते. नळी हातात घेऊन वाकवली तर पोटाला बारीक चीर, सरळ असताना दिसत पण नव्हती. वितभर नवीन नळी लावली आणि काटा सायकलच्या पंपाबरोबर वर सरकायला लागला. असं पातळ मिश्रण टर्बोच्या जोरात जास्त दिवस चाललं असतं तर पिस्टन वितळून भोक पडतं हे तुम्ही सगळं झाल्यावर सांगितलंत, आधी सांगितलं असतं तर मी तिथंच बसलो असतो.

मी मध्ये विचारलं होतं, हे सगळं इथेनॉलमुळं झालं का. आपल्या जिल्ह्यात एवढे साखर कारखाने, आपलाच ऊस आपल्या गाडीत, हा विषय हल्ली प्रत्येक टपरीवर चालू असतो. तुम्ही म्हणालात, वीस वर्षांचं रबर आणि वीस वर्षांचा गंज, त्याला इथेनॉल कशाला पाहिजे. पण एवढं खरं की वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलवर तेवढ्याच हवेला साधारण 7-8 टक्के पेट्रोल जास्त लागतं, त्यामुळं आधीच धापा टाकणारा पंप आता उघडा पडला. हे मला पटलं.

बिल किती, तर हॉर्न धरून साडेसहाशे. मी दोन हजार पुढं केले तर तुम्ही चिडलात, "मालक, वायर वितभर, नळी वितभर, दोन हजार कशाचे?" दोन हजार त्या मीटरच्या पिनांचे होते अण्णा, पण तुमच्याशी वाद कोण घालणार. शेंगाची चटणी तेवढी ठेवून घेतलीत, ती पण अर्धी शेजारच्या पोराला दिलीत.

परवा परत तुळजापूरला गेलो. मुद्दाम दुपारी, एसी लावून, तीच पाच माणसं. घाटात चौथ्या गिअरला पाय दाबला, सुई तीन हजाराच्या पुढं सरळ गेली, एक झटका नाही. आई म्हणाली हळू चालव की रे. मी तिला विचारलं आज कुणी आणलं, तर म्हणाली देवीनंच, पण त्या अण्णांना पण प्रसाद घे.

प्रसाद घेतलाय. रविवारी सकाळी येतो. आणि तो दहाचा पाना, ज्याच्यासाठी तुम्ही पोराला तासभर शिव्या घातल्या, तो मागच्या सीटखाली सापडला, पोराचा काही दोष नव्हता, तो पण आणतो.