घड्याळ नको, कणीक बघ

प्रिय बेटा,

अनेक आशीर्वाद.

तू विचारलंस की सगळं रेसिपीप्रमाणे करूनही पिटा, म्हणजे ती लेबनॉन-सीरियाकडची आतून पोकळ रोटी, काहून फुगत नाही. फोनवर अर्धंच बोलणं झालं, म्हणून नीट लिहून पाठवतो. तुझ्या रेसिपीत खोट नाही. पण ती ज्यानं लिहिली त्याच्या घरातली हवा, त्याचं पीठ आणि त्याचं ओव्हन तुझ्याकडे नाही. तू त्याच्या घड्याळाबरहुकूम चालून राहिलीस, आणि तुझी कणीक तिच्या चालीनं चालली आहे.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसव. पिटा यीस्टमुळे पोकळ होत नाही. यीस्ट कणीक हलकी करतं, तिला चव आणतं, आत बारीक जाळी पाडतं. मधली पोकळी मात्र वाफेची असते. तापलेल्या लोखंडावर पिटा पडला की त्याचे वरचे-खालचे पदर लगेच आवळून येतात आणि आतल्या ओल्या भागातलं पाणी उकळायला लागतं. एक ग्रॅम पाण्याची वाफ झाली की तिला दीड लिटरहून जास्त जागा लागते. बाहेर पडायला वाट नसते, म्हणून ती मधूनच दोन पदर वेगळे करते. आपला फुलका फुगतो तोही याच न्यायानं. फुलका पातळ असतो, त्याला गॅसची आच पुरते. पिटा जाड, त्याला आच एकदम आणि चहूकडून लागते. आणि पदराला कुठे चीर असली, एखादी जागा सुकलेली किंवा पातळ असली, तर सगळी वाफ तिथून निघून जाते. तुझ्या फोटोतल्या पिटांच्या कडांना भेगा दिसतात. म्हणजे कणीक कोरडी होती, किंवा लाटल्यावर उघडी राहिली.

आता पिठाचं. निव्वळ मैद्याचा पिटा सहज फुगतो, पण मला त्यात चव लागत नाही. निव्वळ कणकेचा, म्हणजे चक्कीच्या गव्हाच्या पिठाचा, चवदार होतो, पण कोंड्याचे बारीक कण ग्लुटेनची, म्हणजे गव्हातल्या प्रथिनांची चिवट जाळी तोडत राहतात आणि पदर ताणला जात नाही. म्हणून अर्धं-अर्धं घे. दीडशे ग्रॅम मैदा, दीडशे ग्रॅम गव्हाचं पीठ, १९० मिलिलिटर पाणी, ६ ग्रॅम मीठ, सपाट चमचाभर म्हणजे साधारण ३ ग्रॅम इन्स्टंट यीस्ट, अर्धा चमचा साखर आणि मोठा चमचाभर तेल. यात सहा पिटा होतात, तुम्हा दोघी मैत्रिणींना पुरतील. पाणी एकदम ओतू नकोस, दोन-तीन चमचे मागे ठेव. चक्कीत गहू दगडाखाली जोरानं भरडला जातो, स्टार्चचे दाणे फुटतात, म्हणून असं पीठ मैद्यापेक्षा जास्त पाणी पितं. पावसाळ्यात पीठच दमट असतं, तेव्हा पाणी कमी लागतं. आपल्याकडे नागपुरात मे महिन्यात तेच पीठ खडखडीत कोरडं होऊन जास्तीचं पाणी मागतं. आकडा लिहून दिला तरी शेवटचा चमचा तुलाच ठरवायचा आहे.

कणीक पोळीच्या कणकेपेक्षा सैल हवी. तुला वाटेल, हे बोटांना चिकटून राहिलं, अजून पीठ घालू. घालू नकोस. तू लहानपणी लंबी रोटीवाल्या बाईसमोर उभी राहायचीस, आठवतं? तिची कणीक इतकी सैल असायची की हातातून ओघळेल असं वाटायचं. ती परातीत कणीक आपटायची, उचलायची, पुन्हा आपटायची, आणि आपटता आपटता त्या कणकेला ताण यायचा. मग गोळा दोन्ही हातांवर घेऊन मनगटावरून कोपराकडे सोडायची. तो लांबत जायचा, उजेड पलीकडून दिसेल इतका पातळ व्हायचा, पण फाटायचा नाही. खाली जाळ घातलेल्या उपड्या मडक्यावर टाकला की क्षणात फोड यायचे. त्यात यीस्ट नाही, ओव्हन नाही. भरपूर पाणी आणि भरपूर मळणं, एवढ्यावर ती कणीक उभी असते. आपल्या नागपूरच्या बाया हे पिढ्यान्‌पिढ्या करून राहिल्या आहेत, आणि ग्लुटेन कसं बांधतात हे मला त्यांच्याइतकं चांगलं कुणी दाखवलेलं नाही.

तर तूही दहा मिनिटं मळ. तळहाताच्या टाचेनं पुढे लोट, दुमड, फिरव, पुन्हा लोट. सुरुवातीला ओबडधोबड दिसेल. मग एका क्षणी कणीक गुळगुळीत होते आणि परात सोडते. लिंबाएवढा तुकडा घेऊन हलक्या बोटांनी ताणून बघ. न फाटता पलीकडचा उजेड दिसला तर झालं. फाटला तर पाच मिनिटं झाकून ठेव आणि परत मळ. त्या पाच मिनिटांत पीठ पाणी शोषून घेतं, अर्धं काम आपसूक होतं.

आता ज्याच्यासाठी खरं म्हणजे हे पत्र लिहायला घेतलं ते. रेसिपीत लिहितात, ‘एक तास सामान्य तापमानाला ठेवा’. कुणाच्या घरचं सामान्य तापमान? आपल्याकडे नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या त्या कडक नऊ दिवसांत, बाहेर पारा ४५ च्या वर जातो आणि स्वयंपाकघरात संध्याकाळीसुद्धा भिंती गरम लागतात. तिथे कणीक तासभर ठेवली तर ती फुगून, खाली बसून, आंबूस वासाला लागलेली असते. डिसेंबरात रात्री पारा दहाच्या खाली उतरला की तीच कणीक तीन तासांतही ढिम्म हलत नाही. यीस्ट जिवंत बुरशी आहे. साधारण २५ ते ३५ अंशांत ती खुशीत असते, थंडीत आळसावते, चाळीसच्या पुढे तिला त्रास व्हायला लागतो आणि ६० अंशांच्या आसपास मरते. म्हणून मी उन्हाळ्यात फ्रिजचं पाणी घेतो आणि यीस्ट निम्म्यावर आणतो. हिवाळ्यात पाणी कोमट, बोटाला सुखाचं वाटेल इतपत, आणि कणकेचं भांडं बंद ओव्हनमध्ये गरम पाण्याच्या वाटीशेजारी. पुण्यात तुला एवढं टोक गाठावं लागणार नाही, पण तुमच्याकडची रात्र आणि तुमची दुपार यांतही फरक असतोच.

कणीक काचेच्या बरणीत ठेव आणि जिथवर ती भरली आहे तिथे रबर लाव. दुपटीला आली की थांब. चाळीस मिनिटं लागोत की दोन तास. शंका आली तर पीठ लावलेलं बोट दाबून बघ. खळगा हळूहळू अर्धा भरून आला तर वेळ झाली. लगेच उसळून आला तर अजून थांब. खळगा तसाच राहिला आणि बाजूची कणीकही बसली, तर उशीर झाला. अशा वेळी टाकून देऊ नकोस. दाबून हवा काढ, गोळे कर, थोडा वेळ राहू दे आणि लाट. रंग जरा फिका येईल, कारण पिठातली साखर यीस्टनं संपवलेली असते, पण खायला काही वाईट लागत नाही.

तुझ्या नोकरीला सोयीचं म्हणजे शुक्रवारी रात्री मळून, डबा झाकून फ्रिजमध्ये ठेवणं. यीस्ट निम्मं घे. थंडीत ते सावकाश काम करतं आणि तेवढ्या वेळात चव चांगली मुरते. शनिवारी बाहेर काढून तासभर ठेव. मला तर हाच प्रकार सगळ्यात आवडतो.

सहा उंडे कर, प्रत्येकी ८५ ग्रॅमच्या आसपास. उंड्याची शिवण खाली येऊ दे. ओल्या, घट्ट पिळलेल्या कापडाखाली पंधरा मिनिटं ठेव आणि पंखा बंद कर. पंख्याच्या वाऱ्यानं कातडी सुकते आणि तिथेच पुढे चीर पडते. लाटताना मधून कडेकडे, दर वेळी थोडं फिरवून, पंधरा सेंटिमीटरचा गोल, जाडी साधारण अर्धा सेंटिमीटर. फुलक्याच्या सवयीनं तू पातळ लाटशील, तो हात आवर. जाडी सगळीकडे सारखी हवी, गोल वाकडा झाला तरी चालेल. वरची पिठी झटकून टाक, नाहीतर ती जळून कडवट होते. लाटलेले पिटा परत दहा मिनिटं झाकून ठेव. उचलताना दोन्ही तळव्यांवर घे, नख लागू देऊ नकोस.

ओव्हनबद्दल तू एक विचारलं नव्हतंस, पण मला वाटतं तुझं अर्धं उत्तर तिथे आहे. तुझ्या ओटीजीचा, म्हणजे त्या छोट्या विजेच्या ओव्हनचा, दिवा विझला म्हणजे आतली हवा तापली, लोखंड नाही. जाड लोखंडी तवा, ज्याला लाकडी किंवा प्लास्टिकची मूठ नाही असा, आत खालच्या बाजूला ठेव. २५० अंशांवर, वरची-खालची दोन्ही कॉइल चालू ठेवून, पूर्ण अर्धा तास तापव. मग एका वेळी एकच पिटा तव्यावर टाक आणि दार लगेच लाव. दीड-दोन मिनिटांत फोड येतील, मग ते एकमेकांत मिसळून सगळा वर उचलला जाईल. तीन-चार मिनिटांत काढायचा. मधे दार उघडून बघायचा मोह टाळ, काचेतून बघ. लेबनॉन-सीरियाकडच्या बेकऱ्यांत भट्टी याहून पुष्कळ जास्त तापते आणि पिटा मिनिट-दीड मिनिटात होतो. आपल्याकडे तेवढी आच नाही, म्हणून तव्यातली साठवलेली उष्णता कामी आणायची.

आणि ओटीजी बिघडला तरी अडू नकोस. जॉर्डनच्या वाळवंटात शुबैका नावाच्या जागी १४,४०० वर्षांपूर्वीच्या चुलीत रोटीचे जळके तुकडे सापडले. हे संशोधन २०१८ मध्ये प्रसिद्ध झालं. शेती सुरू व्हायच्या सुमारे चार हजार वर्षं आधीची ही गोष्ट, रानगहू आणि एका पाणगवताचे कंद कुटून केलेली रोटी. वाचून मी कितीतरी वेळ तेच घेऊन बसलो होतो. गॅसवर करायचं तर तवा कडक तापव. एक बाजू अर्धा मिनिट, उलटून दुसरी मिनिटभर, परत उलटून फडक्यानं कडेकडेनं हलकं दाब. हवा एका कोपऱ्यात जमली की दाबून ती पसरवायची. ओव्हनइतका सारखा नाही फुगत, पण खिसा होतो.

काढलेले पिटा लगेच स्वच्छ जाड कापडात एकावर एक गुंडाळ. त्यांचीच वाफ त्यांना मऊ ठेवते. ही पायरी गाळू नकोस, उघड्यावर ठेवलेला पिटा पाहता पाहता कडक होतो. बाजारच्या पाकिटातले चामट पिटा खाऊन ज्यांनी मत बनवलंय, त्यांना असा गरम फाडून दे.

आत काय भरायचं? हमस कर. काबुली चणे रात्रभर भिजवून, चिमूटभर सोडा घालून, बोटांत चिरडतील इतके शिजव. गरम असतानाच तिळाचं वाटण, लसूण, लिंबू, मीठ घालून वाट. पण माझं मन विचारशील तर आपलं वांग्याचं भरीत. जाळावर भाजलेली हिरवी वांगी, तव्यावर भाजून कुटलेल्या हिरव्या मिरच्या, कच्चा कांदा, वरून भरपूर सांबार, म्हणजे कोथिंबीर. लेबनॉन-सीरियाकडचे लोकही भाजलेल्या वांग्यात तीळ आणि लिंबू घालून पिट्याबरोबर खातात, त्यामुळे हे काही ओढूनताणून केलेलं लग्न नाही. भरीत जरा घट्ट ठेव, तेल सुटलेलं असेल तर खिसा खालून भिजतो.

इतवारी बाजारातून पॉलिश न केलेले तीळ आणलेत, आईनं मंद आचेवर भाजून ठेवलेत. डब्यात घालून कुरिअरनं पाठवतो. परत भाजू नकोस, कडू होतील. नुसते मिक्सरला लाव, थोडं तेल सोड, तीळवाटण तयार. यीस्टचं फोडलेलं पाकीट मात्र तुझ्याकडे बाहेरच आहे असं तू म्हणालीस, ते आजच हवाबंद डबीत घालून फ्रिजमध्ये टाक. आणि शनिवारी करशील तेव्हा पिटा मधून फाडून आतल्या बाजूचा फोटो पाठव, वरून बघून मला पुरतं कळत नाही.

तुझे,
बाबा