टेपचे पहिले मिनिट कापू नका: माहिती व प्रसारण मंत्र्यांना खुले पत्र

मा. माहिती व प्रसारण मंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

महोदय, स. न. वि. वि. दूरदर्शनच्या जुन्या मराठी कार्यक्रमांच्या टेपा डिजिटल स्वरूपात कशा उतरवाव्यात, याबद्दल हे पत्र आहे.

मुंबई दूरदर्शन 2 ऑक्टोबर 1972 रोजी सुरू झाले. वरळीच्या त्या केंद्रात मराठी कार्यक्रम घडवणाऱ्या माणसाचा हुद्दा 'निर्माता' असा असला, तरी बहुतेक वेळा दिग्दर्शकही तोच असे. विनायक चासकरांचा 'गजरा', आकाशानंदांचा 'ज्ञानदीप', विजया धुमाळे यांचे 'चिमणराव' ही त्या कामाची ठळक उदाहरणे. संहिता मिळवायची, नट ठरवायचे, तालमी घ्यायच्या, नेपथ्य आणि मानधनाचे कागद मार्गी लावायचे, आणि मग कंट्रोल रूममध्ये बसून कोणत्या क्षणी कोणता कॅमेरा घ्यायचा ते सांगायचे. संकलनाची सोय तुटपुंजी असल्याने प्रवेश सलग घ्यावा लागे. शेवटच्या मिनिटाला कोणी वाक्य विसरले तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

लेखकाचे पुस्तक ग्रंथालयात सापडते. या निर्मात्यांकडे स्वतःच्या कामाची प्रत बहुधा नसे. नोकरीत केलेल्या कामाची मालकी संस्थेची असते आणि कॉपीराइट कायद्यातही 'निर्माता' म्हणजे निर्मितीचा पुढाकार आणि जबाबदारी घेणारी व्यक्ती किंवा संस्था, केवळ हुद्द्याने निर्माता असलेला नोकर नव्हे. त्यात टेप महाग असल्याने कित्येक कार्यक्रम पुसून त्यावरच नवे रेकॉर्डिंग केले गेले. म्हणून एखाद्या निर्मात्याची कारकीर्द आज कोणाला अभ्यासायची असेल, तर आधार दोनच: उरलेल्या टेपा, आणि त्यांच्यासोबतचे क्यू शीट (कोणत्या क्षणी काय घडायचे याची यादी), कॅमेरा स्क्रिप्ट (कोणता संवाद कोणत्या कॅमेऱ्याने टिपायचा याची नोंद) व करारपत्रे. या दोन्हींबाबत आमचे काही नेमके म्हणणे आहे.

त्या काळातल्या पुष्कळ टेपा पाऊण इंची यू-मॅटिक कॅसेटच्या आहेत. कॅसेट हातात घेतल्यावर पहिले काम म्हणजे तळाचे लाल बटण काढणे, म्हणजे चुकूनही तिच्यावर रेकॉर्डिंग होणार नाही. मग खिडकीतून टेपच्या कडा पाहायच्या. पांढरी भुकटी दिसली तर ती बुरशी असू शकते. अशी कॅसेट वेगळी ठेवावी, मास्क लावूनच हाताळावी आणि स्वच्छ केल्याशिवाय यंत्रात घालू नये, नाहीतर बुरशी त्या यंत्रातून पुढच्या प्रत्येक कॅसेटला लागते.

मुंबईच्या दमट हवेतला मोठा शत्रू मात्र डोळ्यांना दिसत नाही. चुंबकीय कण धरून ठेवणारा पॉलियुरेथेनचा थर हवेतला ओलावा शोषून चिकट होतो. अशी टेप चालवली की किंचाळल्यासारखा आवाज येतो, हेडवर, म्हणजे टेप वाचणाऱ्या यंत्राच्या भागावर, तपकिरी लेप बसतो आणि चित्र पांढऱ्या रेघांत हरवते. तेव्हा हट्टाने पुढे चालवले तर थरच खरवडला जातो, आणि तो परत येत नाही. यावर उपाय आहे: तापमान काटेकोर राखणाऱ्या प्रयोगशाळेच्या ओव्हनमध्ये सुमारे 50 ते 54 अंश सेल्सिअसला किमान आठ तास शेकणे आणि तितक्याच सावकाश थंड होऊ देणे. हा गुण तात्पुरता असतो, काही आठवड्यांत ओलावा पुन्हा शिरतो. त्यामुळे यंत्र आणि माणूस तयार असेल तेव्हाच टेप शेकावी. गोदामभर टेपा एकदम शेकून ठेवणे म्हणजे मेहनत वाया घालवणे.

यंत्रांची अडचण याहून बिकट आहे. यू-मॅटिकमध्ये लो-बँड आणि हाय-बँड अशा रेकॉर्डिंगच्या दोन पद्धती होत्या. लो-बँडची टेप फक्त हाय-बँड वाचणाऱ्या डेकवर (टेप चालवणाऱ्या यंत्रावर) लावली तर रंग नीट उमटत नाहीत, आणि 'टेपच खराब' असा शेरा मारून ती बाजूला पडते. नवे हेड आता बनत नाहीत. म्हणून ज्या केंद्रांत बंद पडलेले यू-मॅटिक डेक आहेत, तिथे ते भंगारात काढण्याचे आदेश आजच थांबवावेत. सुट्या भागांसाठी तेच उपयोगी पडतील.

डिजिटल प्रतीबद्दल आम्ही आग्रही आहोत. डेकमधून प्रकाश आणि रंग यांचे वेगवेगळे संकेत घ्यावेत, टाइम बेस करेक्टर (चित्राची थरथर स्थिर करणारे उपकरण) लावावा आणि 720 बाय 576 बिंदूंचे चित्र 10 बिटमध्ये (रंगछटांच्या बारीक नोंदीसह), इंटरलेस न मोडता, म्हणजे एकाआड एक ओळींची मूळ रचना तशीच ठेवून, साठवावे. कॉम्प्रेशनशिवाय याला तासाला सुमारे 93 जीबी लागतात; एफएफव्ही1 सारख्या काहीही न गमावणाऱ्या कोडेकमध्ये (फाइल लहान करण्याच्या पद्धतीत) साधारण निम्मे. आजच्या डिस्कच्या किमतीत हा खर्च अवघड नाही. यूट्यूबसाठीची छोटी फाइल या मूळ प्रतीवरून केव्हाही करता येते, उलटे कधीच करता येत नाही. ध्वनीचे दोन्ही ट्रॅक वेगळे ठेवावेत, कारण कधीकधी एकावर संवाद आणि दुसऱ्यावर संगीत असते.

आणि सर्वात महत्त्वाचे: सुरुवातीचे रंगपट्टे, स्लेट (कार्यक्रमाची माहिती लिहिलेली पाटी) आणि शेवटची श्रेयनामावली कापू नका. प्रेक्षकांना नको म्हणून हाच भाग पहिल्यांदा छाटला जातो. पण निर्मात्याचे नाव, रेकॉर्डिंगची तारीख आणि टेपचा क्रमांक बहुतेक वेळा तिथेच असतो. कॅसेटच्या डब्यावरचे लेबल भरवशाचे नसते, पुसून पुन्हा वापरलेल्या टेपवर जुनेच लेबल राहिलेले असते. मूळ प्रतीवर वाहिनीचे बोधचिन्हही उमटवू नये.

सूचीत कार्यक्रमाच्या नावाबरोबर निर्माता, निर्मिती साहाय्यक, कॅमेरामन, नेपथ्यकार आणि ध्वनिमुद्रक असे वेगळे रकाने हवेत, आणि त्यांच्या नावाने शोध घेता यायला हवा. जिथे नाव सापडत नाही, तिथे हयात असलेल्या निवृत्त निर्मात्यांना टेप दाखवून विचारावे. अर्ध्या मिनिटाच्या दृश्यावरून ते कॅमेरामन ओळखतात. मुंबई दूरदर्शनचे निर्माते राहिलेले विनय आपटे 2013 मध्ये गेले. अशी माणसे एकेक करून कमी होत आहेत. त्यांना प्रवासखर्च आणि मानधन देण्याची तरतूद याच आर्थिक वर्षात करावी.

एक तासाची टेप उतरवायला एक तासच लागतो, आणि गुंडाळणे, सफाई, तपासणी धरून तीन तास. एका डेकवर एका पाळीत दोन-तीन टेपा एवढाच वेग पकडता येईल. कंत्राट देताना दिवसाला पन्नास टेपांचे उद्दिष्ट ठेवले, तर चिकट टेपा सोडून दिल्या जातील आणि चांगल्या टेपांचेही पहिले मिनिट कापले जाईल. कृपया कंत्राटात टेपांच्या संख्येपेक्षा मूळ प्रतीची तपासणी आणि भरलेले नावांचे रकाने यांवर पैसे द्यावेत, आणि पहिली तुकडी पावसाळ्यापूर्वी हाती घ्यावी.

आपले,
जुन्या दृश्यटेपांच्या जतनाचे काम करणारे तंत्रज्ञ आणि अभ्यासक