अंगणवाडीच्या आहाराचा दर कायद्यात लिहा: महिला व बालविकास मंत्र्यांना खुलं पत्र

मा. महिला व बालविकास मंत्री, महाराष्ट्र राज्य

ताई, नमस्कार. मी गावातल्या एका महिला बचत गटाची सचिव आहे, आमचा गट अंगणवाडीतल्या तीन ते सहा वर्षांच्या पोरांना गरम ताजा आहार शिजवून देतो. थेट मुद्द्यावर येते. एका पोरामागे दिवसाला 8 रुपये हा दर केंद्राने 2017 ला ठरवला, अर्धे केंद्राचे अर्धे राज्याचे, आणि 2025 चं बजेट आलं तरी तोच चालू होता. त्या बजेटच्या भाषणात सीतारामन मॅडम दर वाढवू म्हणाल्या, पण किती आणि कधीपासून ते नाही सांगितलं. शाळेतल्या पोषण आहाराचा दर मात्र पहिली ते पाचवीसाठी 2022 ला 5.45 झाला, डिसेंबर 2024 ला 6.19 आणि मे 2025 ला 6.78, आणि तो एका जेवणाचा आहे, आम्हाला 8 रुपयात नाश्ता पण द्यायचा आणि जेवण पण. शाळेचा वाढला ते चांगलंच झालं, अजून वाढावा, पण तेल-डाळ आम्ही पण त्याच बाजारातून आणतो ना.

25 पोरांचे दिवसाचे 200 रुपये होतात. त्यात उसळीची मटकी, डाळ, तेल, मीठमसाला, भाजी, गॅस आणि शिजवणाऱ्या बाईची मजुरी सगळं बसवायचं. एक अंडं सहा-सात रुपयाला आहे, म्हणजे अंड्याचं नावच काढायला नको. त्यात बिल हजेरीवर. पावसात पंधराच पोरं आली तर बिल पंधराचंच निघतं, पण गॅस जवळपास तेवढाच जळतो आणि बाईचा वेळ पण तेवढाच जातो, हा हिशोब दर ठरवताना कोणी धरतच नाही.

आणि ते बिल आमच्याकडून सेविकाताईंकडे, मग पर्यवेक्षिका, मग प्रकल्प कार्यालय, आणि तिथून उत्तर येतं की वरून निधी आला नाही. दोन-तीन महिने असेच जातात. तोवर किराणावाल्याच्या वहीत उधारी चढत राहते, मग तो तेलाचा डबा द्यायचा बंद करतो आणि आमच्यातली कुणीतरी घरच्या बरणीतलं तेल घेऊन येते, कारण पोरं तर साडेदहाला ताटल्या घेऊन बसलेली असतात, त्यांना काय सांगणार?

2013 च्या अन्न सुरक्षा कायद्याने या पोरांना आहाराचा हक्क दिला, 500 कॅलरी आणि 12 ते 15 ग्रॅम प्रोटीन हे तेव्हा कायद्याच्या परिशिष्टातच लिहिलं. मग पोराला काय मिळायला पाहिजे ते कायद्यात आणि त्याला पैसे किती ते साध्या आदेशात, असं का? कायदा कोणी विसरत नाही पण आदेश वर्षानुवर्षं तसाच पडून राहतो, आमच्या बाबतीत तेच झालंय.

केंद्राची वाट बघायलाच पाहिजे असं पण नाही. आदिवासी भागात अमृत आहार योजनेतून अंडी-केळी देणं राज्याने स्वतःच सुरू केलंय. रोजगार हमीचा कायदा तर महाराष्ट्राने 1977 ला केला, देशाचा यायला 2005 उजाडलं. म्हणून म्हणते, विधानसभेत विधेयक आणा. दर वर्षी एप्रिलमध्ये महागाईच्या आकड्याप्रमाणे दर आपोआप वाढला पाहिजे, केंद्राने नाही दिला तर फरक राज्याने भरावा, गॅस आणि मजुरीचे पैसे हजेरीवर न ठेवता महिन्याचे ठरावीक द्यावेत, आणि बिल 45 दिवसात नाही निघालं तर गटाला व्याज मिळावं. छोट्या उद्योगांसाठी 45 दिवसांचा आणि व्याजाचा नियम 2006 च्या कायद्यात आहेच, मग बचत गटाला का नाही?

विधेयकाचा मसुदा करताना शिजवणाऱ्या बायकांना पण बोलवा, फक्त अधिकाऱ्यांना नको. आम्ही किराण्याच्या पावत्या आणि थकलेल्या बिलांच्या झेरॉक्स घेऊन येऊ.

आपली,
एक बचत गट सचिव