तुझ्या कोंबड्या कुठायत?

चि. सानूस,
अनेक आशीर्वाद.

मंगळवारी फोन आपटला, ते चुकलंच. तेव्हापासून तुझी आई माझ्याशी 'वाढू का' याच्या पलीकडे बोललेली नाही. कॉमिक्स काढायला नोकरी सोडलीस त्या राजीनाम्याबद्दल अक्षर काढायचं नाही, असं ठरवून लिहायला बसलोय.

माळ्यावरची ट्रंक काढली होती. फोर्टच्या फूटपाथवरून आणलेल्या कॉमिक्सचा गठ्ठा निघाला. वरच बिनकव्हरचा अंकल स्क्रूज, डोनाल्ड डकचा तो कंजूष श्रीमंत काका, टोपीला तू फासलेला हिरवा खडू तस्साच. तो काढणाऱ्याचं, कार्ल बार्क्स हे नाव मला तूच सांगितलंस. आमच्या वेळी अंकावर नाव फक्त डिस्नेचं. पण बदकाचे डोळे बघून मी आणि नाना बरोबर ओळखायचो, 'हे त्याचं'. तिकडे अमेरिकेतल्या पोरांनीही त्याला नुसतं 'चांगला बदकवाला' म्हणत वर्षं काढली. 1960च्या सुमारास कुठे नाव हुडकलं. स्क्रूज जन्माला घातला 1947 साली, तो पैशांत सूर मारतो, आणि काढणाऱ्याला मिळायचे पानामागे ठरलेले तेवढेच. पुन्हा छापलं तरी वर एक पैसा नाही.

हे तुला ऐकवायचं आणि गप्प करायचं, असा बेत होता. पण या माणसानेही 1942 साली, 41व्या वर्षी, डिस्ने स्टुडिओची बांधलेली नोकरी सोडलेली. एक कारण काय, तर तिथल्या एसीने सायनस उठायचा! तू दोन वर्षं कपाळ धरून बसायचीस आणि मी म्हणायचो, वाफ घे.

म्हणजे माझाच मुद्दा माझ्यावर उलटला. पण सानू, तो कोंबड्या पाळायच्या म्हणून कॅलिफोर्नियातल्या सॅन जासिंटोकडे गेला होता. चित्रं नाही चालली तर अंडी तरी विकता आली असती. त्याआधी रेल्वेच्या कारखान्यात काम केलेलं, लाकूडतोड केलेली. तुझ्या कोंबड्या कुठायत? डिपॉझिट, हप्ता, आणि मेडिक्लेम ऑफिसचाच होता ना? तो कधीपर्यंत चालतो? नानाचं काय झालं ते तू पाहिलंयस. हाताला चित्रकला होती, घरात दुसरं काही नव्हतं.

बघ, लागलो पुन्हा. माफ कर.

रविवारी दूरदर्शनवर डकटेल्स लागायचं आणि नेमके लाइट जायचे, आठवतं? तू रडून घर डोक्यावर घेतलंस, तेव्हा मी लाइटबिलाच्या मागे डोनाल्ड काढून दिला होता. रडणं थांबवून म्हणालीस, "बाबा, हा कावळा आहे." आणि माझ्या हातातली पेन्सिल घेऊन चोच स्वतः नीट केलीस. सहा वर्षांची होतीस. ते बिल आईने पोथीत ठेवलंय, कुणी आलं की दाखवते. मी आपला हसण्यावारी नेतो, पण चोच बरोबर होती गं.

तू पाठवलेली तुझ्या घोरपडीच्या कॉमिकची चार पानं पाहिली. तिसऱ्या पानावर ती छत्री उघडते तिथे मी एकटाच मोठ्याने हसलो. आईला सांगितलं नाही, अजून अबोला आहे. अक्षरं मात्र बारीक आहेत, आम्हा म्हाताऱ्यांना दिसत नाहीत. बार्क्सच्या पानांवर अक्षरं बायको, गारे, काढून द्यायची. तू कुणाला तरी हाताशी घे. पैसे मी देतो, म्हणजे सुरुवातीचे.

गठ्ठा रविवारी मामाबरोबर पाठवतो. हिरवा खडू पुसू नकोस.

तुझे,
बाबा

ता. क. मेडिक्लेमची तारीख तेवढी कळव.