भांगेच्या औषधाला वेगळे दुकान नको, मेडिकलमधले कुलपाचे कपाट द्या

प्रति,
मा. अन्न व औषध प्रशासन मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय: विजयायुक्त (भांगेच्या) औषधांची किरकोळ विक्री

महोदय,

परदेशातल्या बातम्या वाचून ‘आपल्याकडेही कॅनॅबिसच्या (भांग-गांजाच्या झाडाच्या) डिस्पेन्सरी, म्हणजे खास विक्रीची दुकाने, निघणार का?’ असे अधूनमधून विचारले जाते. (मराठीत डिस्पेन्सरी म्हणजे कोपऱ्यावरच्या डॉक्टरांचा दवाखाना, त्यामुळे घोळ आणखी वाढतो.) पण माल वस्तीत केव्हाच आला आहे. ‘विजया अर्क’ असे लेबल लावलेली 30 मिलीची ड्रॉपरची बाटली मोबाइलवरून मागवता येते. प्रश्नावली भरायची, काही मिनिटांचा फोन, मग पीडीएफमध्ये प्रिस्क्रिप्शन आणि मागोमाग कुरिअर.

1985 च्या एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी) कायद्यातली गांजाची व्याख्या फुला-फळांच्या शेंड्यांपुरती आहे. शेंडे सोबत नसतील तर पाने आणि बिया तिच्यातून वगळल्या आहेत. म्हणून पानांचे औषध आयुर्वेदिक म्हणून बनवता येते. त्याला उत्पादनाचा परवाना लागतो आणि महाराष्ट्रात तो आपलाच विभाग देतो. विक्रीला मात्र औषध कायद्याखाली काहीच लागत नाही, कारण त्यात आयुर्वेदिक औषधासाठी किरकोळ विक्रीचा परवानाच नाही. साध्या तापाच्या गोळ्या विकणाऱ्या मेडिकलला परवाना हवा, फार्मासिस्ट हवा. भांगेचा अर्क विकणाऱ्याला दोन्ही नको. त्यात भांगेला राज्याचा 1949 चा दारूबंदी कायदाही लागू होतो, म्हणजे उत्पादन शुल्क विभाग आला. दुकानदाराने विचारायचे कुणाला?

खरी अडचण त्याच्याही पुढची आहे. कायदा पान आणि शेंडा असा भेद करतो. वाळलेला पाला असेल तर सूक्ष्मदर्शकाखाली तो भेद कळतो. अर्क काढून तेलात मिसळला की कळत नाही. दोन्हींत नशा आणणारे टीएचसी आणि नशा न आणणारे सीबीडी हीच द्रव्ये असतात. पोलिसांच्या जागेवरच्या चाचणीत रंग येतो तो या द्रव्यांमुळे, कायदेशीर अर्कालाही येतो. अशा वेळी रुग्णाला वाचवणारी एकच गोष्ट, ती म्हणजे कागद: बॅच क्रमांक, बिल, प्रिस्क्रिप्शन आणि पाने कोणत्या परवान्यावर आली याची नोंद. आज बहुतेकांकडे असते ती नुसती बाटली.

आता ती बाटली हातात घेऊन पाहा. वर लिहिलेले असते ‘अर्क 1000 मिग्रॅ’. हे वजन अर्काचे, औषधी द्रव्याचे नव्हे. समजा अर्कात 30 टक्के सीबीडी आहे. मग 30 मिलीत 300 मिग्रॅ, म्हणजे मिलीला 10. मुलांच्या हट्टी अपस्माराच्या (फिट्सच्या) ड्रॅव्हे आणि लेनॉक्स-गास्टो या प्रकारांसाठी अमेरिकेत 2018 मध्ये मान्यता मिळालेल्या शुद्ध सीबीडीच्या द्रावणात मिलीला 100 मिग्रॅ असते. त्याची सुरुवात वजनाच्या किलोमागे 2.5 मिग्रॅ दिवसातून दोनदा होते आणि आठवड्यानंतर मात्रा दुप्पट करता येते. 20 किलोच्या मुलाला याचे दिवसाला आधी 100, मग 200 मिग्रॅ होतात. आपल्या बाटलीतून 200 मिग्रॅ द्यायचे तर रोज 20 मिली, म्हणजे दीड दिवसात बाटली संपली. त्या 20 मिलीसोबत टीएचसी किती गेले, हे लेबलवर नसेल तर कुणालाच सांगता येणार नाही. ‘दहा थेंब रात्री’ असा सल्ला मिळतो, आई-बाप मनोभावे देतात, झटके थांबत नाहीत, आणि कुणीतरी सुचवते की चालू गोळी बंद करून पाहा. अपस्माराची गोळी एकदम तोडली की झटका लांबू शकतो आणि प्रसंग जिवावर बेतू शकतो.

मात्रा पुरेशी असली तरी काम संपत नाही. सीबीडीमुळे क्लोबाझाम या अपस्माराच्या गोळीपासून शरीरात तयार होणाऱ्या घटकाची पातळी वाढते आणि मूल दिवसभर पेंगते. व्हॅल्प्रोएट हे अपस्माराचेच दुसरे औषध चालू असेल तर यकृताची एन्झाइम्स चढू शकतात, म्हणून रक्ततपासणी सुरुवातीपूर्वी आणि नंतरही लागते. रक्त पातळ ठेवणारे वॉरफरिन घेणाऱ्याचा आयएनआर (रक्त गोठण्याच्या चाचणीचा आकडा) वाढू शकतो, म्हणजे रक्तस्रावाचा धोका. मोठ्यांमध्ये चूक वेगळीच होते. तोंडाने घेतलेल्या टीएचसीचा परिणाम दिसायला अर्ध्या तासापासून दोन तास लागतात. पाऊण तासाने ‘काही झालेच नाही’ म्हणून दुसरा डोस घेतला जातो, मग दोन्ही एकदम चढतात. रात्री बाथरूमला उठलेले सत्तरीचे आजोबा अशाने पडतात. हे सगळे दोन वाक्यांत सांगणारा माणूस काउंटरमागे हवा, आणि कुरिअरवाल्याकडून ती अपेक्षा कुणी करणार नाही.

म्हणून सात बोटांच्या पानाची हिरवी पाटी लावलेली खास दुकानेही नकोत. थायलंडने जून 2022 मध्ये कॅनॅबिस अमली पदार्थांच्या यादीतून काढले. गल्लोगल्ली दुकाने निघाली आणि प्रिस्क्रिप्शनची सक्ती आली जून 2025 मध्ये. जर्मनीने 2017 पासून हे औषध नेहमीच्या औषधाच्या दुकानातूनच दिले. तिथला फार्मासिस्ट आलेल्या फुलांची ओळखचाचणी करून मगच रुग्णाला देतो. शेजाऱ्यांना पत्ताही लागत नाही, आणि तेच योग्य आहे.

मागण्या अशा. विक्री फक्त नोंदणीकृत फार्मासिस्ट असलेल्या परवानाधारक मेडिकलमधून व्हावी. शेड्यूल एच-1 च्या (प्रिस्क्रिप्शनवरच आणि नोंद करून विकायच्या यादीतल्या) औषधांसाठी मेडिकलवाले 2014 पासून रजिस्टर ठेवतातच. त्याच धर्तीवर डॉक्टर, रुग्ण, बॅच आणि प्रमाण यांची नोंद तीन वर्षे जपावी. दर बॅचला मिलीमागे सीबीडी आणि टीएचसी किती, जड धातू, कीटकनाशके आणि अर्क काढायला वापरलेल्या द्रावकाचा उरलेला अंश किती, याचा अहवाल मिळावा. कॅन्सर, मधुमेह, अपस्मार यांवरच्या इलाजाच्या जाहिरातीला आक्षेपार्ह जाहिरातींच्या 1954 च्या कायद्याने बंदी आहेच, ती फक्त मोबाइलच्या पडद्यावरही लागू करा.

‘हा केंद्राचा विषय आहे’ असे उत्तर येईल. ते अर्धेच खरे आहे. उत्पादन परवाना आपल्या हातात आहे, 1949 चा कायदा राज्याचा आहे, आणि एनडीपीएसच्या कलम 10 खाली नियम करण्याचा अधिकारही राज्याचा.

मात्र शेड्यूल एक्ससारखे (सर्वांत कडक नियंत्रणातल्या औषधांच्या यादीसारखे) दुहेरी प्रिस्क्रिप्शन आणि परवान्यांची रांग लावू नका. 1985 च्या एनडीपीएस कायद्यानंतर मॉर्फिन या तीव्र वेदनाशामकाचे तसेच झाले. कागदांना घाबरून दुकानांनी ते ठेवणेच सोडले, कॅन्सरचे रुग्ण वेदनेत राहिले आणि कायदा सुधारायला 2014 उजाडले.

एक गोष्ट तर याच महिन्यात होऊ शकते. भांग ही औषध नियमांच्या शेड्यूल ई-1 मध्ये (विषारी घटकांच्या यादीत) येते, म्हणून ‘वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे’ हा इशारा बाटलीवर इंग्रजी आणि हिंदीत छापावा लागतो. तो मराठीतही, चष्म्याशिवाय वाचता येईल एवढ्या अक्षरात छापण्याची विनंती राज्यातल्या परवानाधारक उत्पादकांना एका परिपत्रकाने करता येईल.

आपले,
औषध दुकानांत आणि दवाखान्यांत काम करणारे काही फार्मासिस्ट व डॉक्टर